शंभर मिलिमीटरच्या प्रदेशात: लडाखच्या पाणलोटांतून मेअखेरची भ्रमंती

दिवस पहिला: लेह

लेहला वर्षाकाठी साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. मुंबईत जुलैतला एखादा दिवस एवढं पाणी ओतून मोकळा होतो. तरीही लेहच्या आसपास सातू, गहू, वाटाणा, जर्दाळू, पॉप्लर आणि विलो उभे आहेत, कारण इथलं पाणी आभाळातून थेट शेतात येत नाही. ते आधी पाच हजार मीटरच्या वर बर्फ होऊन बसतं आणि मग उतरतं. खरी अडचण त्याच्या वेळेची आहे. पेरणी आणि पहिल्या पाळ्या एप्रिल-मेमध्ये हव्या असतात. खालच्या उतारांवरचं बर्फ तोवर वितळून संपत आलेलं असतं आणि हिमनद्या अजून थंड असतात. त्यांचं पाणी जूनच्या मध्यापासून सुटतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये इतकं येतं की पाट फुटतात. मधली ही सहा-सात आठवड्यांची पोकळी पाहायची असेल तर मेअखेरीसारखा काळ नाही. पर्यटक जुलैत येतात, तेव्हा ओढे भरलेले असतात आणि टंचाई कुठेच दिसत नाही.

विमानतळ ३,२५६ मीटरवर आणि शहर साधारण ३,५०० मीटरवर आहे. पहिले ४८ तास चढ टाळायचा, हा नियम अभ्यासदौऱ्यालाही लागू आहे. या सक्तीच्या विश्रांतीत एक काम मात्र होतं. चांगस्पाच्या बाजूने वाहणाऱ्या ओढ्यावर (इथे ओढ्याला तोकपो म्हणतात) एखाद्या पुलाच्या दगडी भिंतीवर खडूने खूण करायची, तिथून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि दर दोन तासांनी नोंद घ्यायची. दिवसभरात पातळी चढते-उतरते, पण दुपारच्या उन्हाबरोबर नाही. वर बर्फ सर्वांत जास्त वितळतं दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. ते पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने बारा किलोमीटर आलं तरी तीन तास वीस मिनिटं लागतात. म्हणून शहरातला चढ संध्याकाळी दिसतो आणि सकाळी आठ-नऊला ओढा सर्वांत रोड असतो. या देशात सकाळी एकदाच मोजून "ओढ्याला इतकं पाणी आहे" असं लिहिलेला आकडा निरुपयोगी. वेळ लिहिली नसेल तर नोंद फेकून द्यावी.

दिवस दुसरा: लेहचे पाट आणि झिंग

मुख्य पाटाला मायुर म्हणतात, म्हणजे आईपाट. त्यातून फुटणारे छोटे पाट ते युरा. आणि पाटाच्या वाटेत, शेतांच्या वरच्या अंगाला, झिंग असतो: मातीचा, दगडी काठाचा साठवण तलाव. झिंगचं काम वरवर साधं दिसतं. रात्री कुणी पाणी देत नाही, म्हणून ते रात्री साठवायचं आणि सकाळी सोडायचं. पण हिशोब केला की त्याचं दुसरं, जास्त महत्त्वाचं काम कळतं.

समजा मेमध्ये पाटाला सेकंदाला १० लिटर पाणी आहे आणि शेत एक किलोमीटर खाली आहे. पाट वाळू-गोट्यांच्या जमिनीतून जातो. अशा जमिनीत दिवसाला एक मीटर पाणी मुरणं काही विशेष नाही. पाटाची भिजलेली रुंदी ०.७ मीटर धरली तर ७०० चौरस मीटरमधून दिवसाला ७०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ८ लिटर पाटातच मुरतात. शेतावर पोचतात फक्त दोन. बारा तासांत जेमतेम ८० घनमीटर. आता हेच पाणी रात्रभर झिंगमध्ये धरलं तर ४३२ घनमीटर होतं. ते सकाळी सेकंदाला ६० लिटर या दराने दोन तासांत सोडलं तर भिजलेली रुंदी वाढून १.१ मीटर होते, मुरणारं पाणी सुमारे १३ लिटर होतं आणि ४७ लिटर शेतावर जातात. दोन तासांत सुमारे ३४० घनमीटर. पाणी तेच, पोचणारा वाटा चौपट. लहान धार लांबवर नेणं हीच इथली सर्वांत मोठी उधळपट्टी आहे, आणि झिंग ती थांबवतो.

झिंगमध्ये बिघाड कुठे होतो? पहिला, गाळ. दर वसंतात पाणी सोडण्याआधी तळ उपसावा लागतो, नाहीतर धारणक्षमता वर्षागणिक घटते. पण सगळा गाळ खरवडून काढणंही चूक, कारण तळाचा बारीक चिकट थरच गळती रोखतो. जाणते लोक वरचा सैल गाळ काढतात आणि खालचा थर पायांनी तुडवून बसवतात. दुसरा बिघाड सिमेंटच्या अस्तराचा. हिवाळ्यात तळात राहिलेलं पाणी गोठतं, सांधे उकलतात आणि पुढच्या वर्षी त्या भेगांतून मातीच्या तळापेक्षा जास्त गळती होते. अस्तर करायचंच असेल तर तळाशी पूर्ण रिकामं होणारं दार हवं आणि ऑक्टोबरअखेर तलाव कोरडा ठेवायला हवा.

पाण्याच्या पाळ्या चुरपोन ठरवतो. गावाने नेमलेला हा माणूस कुठलं दार कधी उघडायचं, वरच्या अंगाच्या शेतानंतर खालच्याला किती वेळ द्यायचा, हे बघतो. धुळे जिल्ह्यातल्या पांझरेवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना यात तिथला पाटकरी दिसेल. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: पाणी वाटणाऱ्यावर सगळ्यांची नजर असते. दार म्हणजे बहुतेक ठिकाणी दगड, हिरवळीचे ढेकळे आणि चिंध्या. पत्र्याचं दार घातलं की गळती कमी होते, पण वाळू साचून ते अडकतं. ढेकळाचं दार फावड्याच्या दोन घावांत मोडता येतं.

शहराच्या खालच्या भागात हाच विषय उलटा होतो. लेह वसलं आहे गाळपंख्यावर, म्हणजे ओढ्याने डोंगरातून बाहेर पडताना पसरलेल्या दगड-वाळूच्या उतारावर. पाटांतून आणि शेतांतून मुरलेलं पाणी या पंख्यात साठतं आणि खाली झऱ्यांनी बाहेर येतं. पाट काँक्रीटचे केले की वरच्या शेताला फायदा होतो आणि खालचा झरा आटतो. म्हणून पाणलोटात "गळती" हा शब्द जपून वापरावा. एकाची गळती दुसऱ्याची विहीर असते. त्यात आता गेस्टहाउसांच्या बोअरवेल आणि शोषखड्डे एकाच पंख्यावर शेजारी शेजारी आले आहेत. जुन्या घरांतला कोरडा संडास पाणी वापरत नव्हता. त्यात माती आणि राख पडायची आणि ते खत शेतात जायचं. फ्लश आला की पाण्याची मागणी वाढते आणि तेच पाणी मैल्यासह भूजलात उतरतं. शहराला पाणीपुरवठ्यासाठी सिंधूच्या काठच्या विहिरींतून पाणी टप्प्याटप्प्याने उपसून अडीचशे-तीनशे मीटर वर चढवावं लागतं. एवढ्या उंचीवर चढवलेलं पाणी संडासात ओतणं परवडणारं नाही.

दिवस तिसरा: गांगलेस आणि वरचा ओढा

खारदुंग ला या खिंडीकडे (उंची ५,३५९ मीटर) जाणाऱ्या रस्त्याने लेहच्या वरच्या खोऱ्यात. इथे वर पुचे नावाची छोटी हिमनदी आहे. लडाख रांगेतल्या बहुतेक हिमनद्या अशाच, एक चौरस किलोमीटरच्या आतल्या, पाच हजार दोनशे मीटरच्या वर सावलीच्या कुशीत बसलेल्या. गंगोत्रीसारखं लांबलचक काही इथे नाही. त्यामुळे एका गावाचं भवितव्य बरेचदा एका लहान बर्फाच्या तुकड्यावर टांगलेलं असतं.

आजचं काम दोन मोजमापांचं. पहिलं, ओढ्यात झऱ्याचं पाणी किती आणि बर्फाचं किती. त्यासाठी विद्युतवाहकता मापक पुरतो. बर्फाचं ताजं पाणी खडकाशी फार वेळ लागलेलं नसतं, त्यात क्षार कमी. झऱ्याचं पाणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दगडांत राहिलेलं असतं, त्यात क्षार जास्त. समजा बर्फाचं पाणी ६० मायक्रोसिमेन्स, झऱ्याचं ३०० आणि ओढ्याचं १२० भरलं. तर झऱ्याचा वाटा (१२० − ६०) ÷ (३०० − ६०), म्हणजे पाव. हेच मोजमाप पहाटे आणि संध्याकाळी दोनदा घ्यावं. पहाटे ओढा बहुतांशी झऱ्याचाच असतो आणि वाहकता चढते. दिवसाच्या या चढ-उतारातूनच कळतं की हिमनदी गेली तर गावाच्या हाती काय उरेल.

मापक रोज सकाळी १,४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणात तपासायचा. पाणी दोन-तीन अंशांवर असल्यामुळे तापमान-दुरुस्ती चालू आहे ना, ते आधी पाहायचं. ती बंद असेल तर थंड पाण्याची वाहकता प्रत्यक्षाहून जवळपास निम्मी दिसते आणि सगळं पाणी बर्फाचं असल्याचा भास होतो. बॅटऱ्या खिशात, अंगालगत ठेवायच्या.

दुसरं मोजमाप विसर्गाचं, म्हणजे ओढ्यातून सेकंदाला किती पाणी वाहतं त्याचं. अशा खडकाळ, फेसाळ ओढ्यात फिरकीचा प्रवाहमापक चालत नाही, कारण सलग खोली मिळत नाही. मिठाची पद्धत उत्तम. साधं, आयोडीनचं असलं तरी चालेल असं मीठ घरीच अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्यांत वजन करून आणायचं. ओढ्याला सेकंदाला शे-दोनशे लिटर पाणी असेल तर एखादा किलो पुरतो. मीठ बादलीत ओढ्याच्याच पाण्यात पूर्ण विरघळवायचं, एका झटक्यात ओतायचं आणि खाली ओढ्याच्या रुंदीच्या किमान वीस-पंचवीसपट अंतरावर मापक धरायचा. दर पाच सेकंदांनी वाचन. आकडा चढतो, शिखर गाठतो आणि हळूहळू मूळ पातळीवर येतो. मूळ पातळी वजा करून प्रत्येक वाचनाचं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये रूपांतर करायचं (एक मायक्रोसिमेन्स म्हणजे ढोबळमानाने अर्धा मिलिग्रॅम मीठ), आणि पाच सेकंदांनी गुणून बेरीज. ओतलेलं मीठ भागिले ही बेरीज म्हणजे विसर्ग. एक किलो मीठ, म्हणजे १० लाख मिलिग्रॅम, आणि बेरीज १०,००० आली तर सेकंदाला १०० लिटर.

चुकतं ते तीन ठिकाणी. बादलीच्या तळाशी न विरघळलेले खडे राहतात, मग विसर्ग प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. ओतल्यापासून मोजण्याच्या जागेपर्यंत एखादा झरा किंवा पाट मिळतो. किंवा मोजण्याची जागा संथ डोहात असते, जिथे मिठाची शेपटी संपतच नाही. दोन्ही काठांवर दोन मापक धरून बेरजा जुळतात का पाहणं हा सर्वांत चांगला पडताळा. थंड पाण्यात मीठ विरघळायला वेळ लागतो, तेव्हा घाई नको.

पाटासारख्या बारीक धारेसाठी यापेक्षा सोपं साधन आहे: पत्र्यात कापलेली काटकोनी खाच. पत्रा चिखलाने पाटात बसवायचा आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेच्या ओठावर नाही, थोडी मागे, जिथे पृष्ठभाग अजून सपाट असतो तिथे. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ४.४ लिटर, २० असेल तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून वाढतं, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महाग पडते.

दिवस चौथा: साबू आणि २०१० चा पूर

५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री लेह, साबू आणि चोगलमसरवर ढगफुटी झाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. लेहच्या हवामानकेंद्रातल्या पर्जन्यमापकात त्या चोवीस तासांत फक्त १२.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या एका आकड्यात डोंगरी वाळवंटाची सगळी अडचण आहे: पाऊस काही किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो आणि मापक दरीत असतो.

साबूच्या खोऱ्यात वर चालत गेलं की पूर कसा आला ते जमिनीवर वाचता येतं. उतारांवर गवत नाही, मुळं नाहीत. हिमनद्यांनी सोडलेला दगड-मातीचा सैल ढीग आहे. त्यात एकदम पाणी मुरलं की तो पाण्यासह चालू लागतो. नाल्याच्या दोन्ही काठांना दगडांचे लांब बांध दिसतात, मोठे धोंडे वर आणि बाहेरच्या बाजूला. नुसत्या पाण्याचा पूर असे बांध घालत नाही. तो दगड तळाशी, आकारानुसार लावून टाकतो. हे बांध म्हणजे तिथून दगडचिखलाचा लोंढा गेल्याची सही.

लोंढ्याचा वेग वळणावर काढता येतो. बाहेरच्या काठावर चिखलाची खूण आतल्या काठापेक्षा उंच असते. वळणाची त्रिज्या ४० मीटर, नाल्याची रुंदी १२ मीटर आणि दोन खुणांतला फरक दीड मीटर असेल, तर गुरुत्वत्वरण ९.८१ गुणिले ४० गुणिले १.५ भागिले १२ म्हणजे ४९, आणि त्याचं वर्गमूळ ७. सेकंदाला सात मीटर. त्यापुढे पळायला वेळ नसतो. मात्र या वेगाला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून "इतकं पाणी आलं" असं लिहू नये. त्या आकड्यात निम्म्याहून अधिक दगड-माती असू शकते, आणि लोंढा जाताना त्याने नाला किती खोल खणला हेही त्या आकड्यात येत नाही.

जुनी घरं पाहिली तर ती पंख्याच्या कडेला, खडकाच्या उंचवट्यावर आहेत. मधली मोकळी, दगडाळ जमीन शेतीला टाकाऊ म्हणून रिकामी राहिली होती. नवी वस्ती तिथेच आली. रिकामी जागा का रिकामी आहे, हा प्रश्न इथे घर बांधण्याआधी विचारायलाच हवा. तंबू टाकणाऱ्यांनाही तेच: कोरडा तोकपो सपाट आणि आडोशाचा असतो, तरी तिथे मुक्काम नको.

दिवस पाचवा: फियांग

बर्फाचा स्तूप या कल्पनेचा पहिला नमुना अभियंते सोनम वांगचुक आणि सेकमोल या लडाखमधल्या शिक्षणसंस्थेच्या मुलांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात उभा केला. पुढच्या हिवाळ्यात फियांगमध्ये २.३ किलोमीटर नळ टाकून मोठा स्तूप झाला. तत्त्व असं: वरून नळाने आणलेलं पाणी खाली कारंज्यासारखं उडतं, उणे वीस अंशांच्या रात्री हवेतच थंड होतं आणि फांद्या-तारांच्या सांगाड्यावर गोठत जातं. शंकूचा आकार मुद्दाम आहे. तळ १० मीटर त्रिज्येचा आणि उंची २० मीटर धरली तर आकारमान सुमारे २,१०० घनमीटर, म्हणजे अंदाजे १९ लाख लिटर पाणी, आणि उन्हाला उघडा पृष्ठभाग फक्त ७०० चौरस मीटर. तेवढंच बर्फ एक मीटर जाडीने पसरलं असतं तर २,१०० चौरस मीटर उघडे राहिले असते. म्हणून स्तूप गावाजवळ, कमी उंचीवरही मेपर्यंत टिकतो. मेअखेरीस तिथे उरतो तो ओबडधोबड, धुळीने करडा झालेला ढीग आणि त्याच्या पायथ्याशी थेंबथेंब सुटणारं पाणी.

प्रकरण अडतं नळात. कारंजं किती उंच उडेल हे उगम आणि तोंड यांच्या उंचीतल्या फरकातून घर्षणाची हानी वजा करून ठरतं. २.३ किलोमीटर नळातून सेकंदाला ४ लिटर न्यायचे असतील आणि नळाचा आतला व्यास ६६ मिलिमीटर असेल, तर सुमारे ४६ मीटरचा दाब घर्षणातच जातो. ९७ मिलिमीटर घेतला तर फक्त सात मीटर. मग जाड नळच घ्यावा असं वाटतं. पण जाड नळात पाणी मंद चालतं: बारीक नळात प्रवासाला ३३ मिनिटं, जाड नळात ७१. तेवढा जास्त वेळ ते गोठलेल्या जमिनीतून जातं आणि तोंडाशी पोचेपर्यंत बर्फाचे कण धरू लागतं. त्यामुळे जाड नळ गोठणाऱ्या थराच्या खाली पुरलेला असेल तरच शहाणपणाचा. उघड्यावर टाकायचा असेल तर बारीक नळ आणि उंचीचा जास्त फरक. दोन्ही बाबतींत नळाच्या प्रत्येक खोलगट जागी रिकामं करण्याची तोटी हवी, आणि प्रवाह थांबला की ती लगेच उघडायची. नळ गोठतो तो वाहताना क्वचित, बहुतेकदा पाणी थांबल्यावर.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. कारंज्याचं बरंचसं पाणी न गोठताच वाहून जातं. दिवसा ऊन पडलं तरी कारंजं चालू ठेवलं तर नवं पाणी जुनं बर्फ धुऊन नेतं. तापमान पाहून पाणी बंद-चालू करणं हा सर्वांत स्वस्त सुधार आहे. आणि १९ लाख लिटर ऐकायला मोठे असले तरी एका हेक्टरला ५० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे ५ लाख लिटर. एका स्तूपात चार हेक्टरांची जेमतेम एक पाळी निघते, तीही गळती धरली नाही तर. कोवळ्या रोपांना मेमधली ती एक पाळी जगवते, म्हणून तिचं मोल आहे. गावाची सगळी शेती त्यावर उभी राहत नाही.

दिवस सहावा: नांग

चेवांग नॉर्फेल या अभियंत्याने १९८७ पासून कृत्रिम हिमनद्या बांधायला सुरुवात केली. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुमारे ३,८०० मीटरवरचं नांग गाव हे अशा कामांपैकी एक, आणि आम्हाला या सगळ्या दौऱ्यात सर्वांत शिकण्यासारखं वाटलेलं. नांगच्या डोक्यावर मोठी हिमनदी नाही. हिवाळ्यात शेतं झोपलेली असताना झऱ्यांचं पाणी वाहून सिंधूला जातं. तेच पाणी गावाच्या वर, डोंगराच्या सावलीत, दगडी भिंतींच्या पायऱ्यांवर पसरवून गोठवायचं.

इथे स्तूपाच्या उलट विचार आहे. पृष्ठभाग वाढवायचा, कमी करायचा नाही, कारण गोठण्याचा वेग पाण्यावर नाही तर उघड्या क्षेत्रफळावर ठरतो. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. थंड, निरभ्र रात्री दर चौरस मीटरमधून १५० वॉट जात आहेत असं धरलं तर बारा तासांत सुमारे १९ किलो पाणी गोठतं, म्हणजे दोन सेंटिमीटर जाडी. पाच हजार चौरस मीटरच्या पायऱ्यांवर एका रात्रीत शंभरेक घनमीटर. त्यासाठी सेकंदाला फक्त २.३ लिटर पुरतात. ओढ्याला वीस लिटर असतील तर उरलेले पावणेअठरा तसेच वाहतात. त्यामुळे जास्त पाणी आणण्यापेक्षा ते पातळ पसरवणं महत्त्वाचं.

म्हणून भिंती उंच नसतात, मीटर-दीड मीटरच्या, एकाखाली एक, कोरड्या दगडांच्या किंवा जाळीत भरलेल्या. भिंतीच्या दगडांतून पाणी झिरपायला हवं. पक्की भिंत बांधली तर मागे डोह होतो, डोहाचा फक्त वरचा पापुद्रा गोठतो आणि खालचं पाणी त्या पापुद्र्याच्या आड उबदार राहतं. बिघाडाचं नेहमीचं कारण म्हणजे पाणी बर्फात स्वतःसाठी एकच चर कोरून घेतं आणि पसरणं थांबवतं. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी वर जाऊन तो चर दगड-बर्फाने बुजवून पाणी पुन्हा बाजूला वळवावं लागतं. जे गाव हे करायला माणूस पाठवत नाही, तिथे भिंती चांगल्या असूनही बर्फ धरत नाही. दुसरा धोका उन्हाळ्यातल्या पुराचा. नाल्याच्या थेट मध्ये घातलेल्या भिंती जुलैत मोडतात. भिंतींच्या कडेने पुराला वेगळी वाट ठेवली तर त्या टिकतात.

आणि कोरड्या हवेत बर्फ न वितळताच वाफ होऊन उडतं. त्याला वितळण्याच्या साडेआठपट उष्णता लागते, त्यामुळे ऊर्जेच्या हिशोबात ते संथ आहे, पण वाऱ्याच्या उघड्या खिंडीत हिवाळाभर चालतं. जागा निवडताना सावली आणि वाऱ्यापासून आडोसा हे दोन्ही पाहावं.

दिवस सातवा: निम्मू

सिंधू-झंस्कार संगम. सिंधू तिबेटच्या कोरड्या पठारावरून येते, झंस्कार मुख्य हिमालयाच्या उत्तर उतारावरच्या, द्रांग-द्रुंगसारख्या मोठ्या हिमनद्यांचं पाणी आणते. म्हणून उन्हाळ्यात नावाने उपनदी असलेली झंस्कार बरेचदा मोठी असते. दोन्हींचा रंग संगमाच्या खालीही काही अंतर वेगळा राहतो. रंग म्हणजे गाळ. बाटलीत पाणी घेऊन दहा मिनिटं स्थिर ठेवलं की वाळू तळाशी बसते, आणि तरीही वर राहिलेल्या गढूळपणावरून कोणती नदी हिमनदीने दळलेलं दगडांचं पीठ आणते आहे ते कळतं. हे पीठ धरणाला शाप आहे. सिंधूवरच खाली अल्चीजवळ ४५ मेगावॉटचा निम्मू-बाझगो प्रकल्प आहे, तिथे गाळ बाहेर काढण्याची व्यवस्था वीजनिर्मितीइतकीच महत्त्वाची. पाटाला मात्र ते वरदान आहे. गढूळ पाणी पाटाचा तळ लिंपून घेतं. स्वच्छ पाणी पाट पिऊन टाकतो. म्हणून एकाच पाटाची गळती मेमध्ये जास्त आणि ऑगस्टमध्ये कमी भरते.

झंस्कारच्या वरच्या अंगाला, फुक्तालजवळ, ३१ डिसेंबर २०१४ ला दरड कोसळून त्सारप नदी अडली होती. ७ मे २०१५ ला तो बांध फुटला. हिवाळ्यात अडलेलं पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशीच फुटतं, कारण आवक तेव्हाच वाढते. खालच्या पुलांची तपासणी एप्रिलमध्ये व्हायला हवी.

दिवस आठवा: तागलांग ला ओलांडून त्सो कार

५,३२८ मीटरची खिंड आणि पलीकडे बंदिस्त खोरं. इथून पाणी समुद्राला जात नाही. दक्षिणेला स्तार्तसापुक त्सो हे लहान गोडं तळं. त्यातून वाहून उत्तरेच्या त्सो कारमध्ये पाणी येतं आणि तिथे त्याला जायला जागा उरत नाही. फक्त बाष्पीभवन. म्हणून एक तळं गोडं आणि दुसरं खारं, दोघांमध्ये काही किलोमीटर. वाहकता मापक इथे फेरफटक्याच्या सुरुवातीला एक आकडा दाखवतो आणि शेवटी दुसरा, कितीतरी पटींनी मोठा. साधा मापक वरची मर्यादा गाठून बंद पडतो, तेव्हा नमुना शुद्ध पाण्यात दसपट किंवा शंभरपट विरळ करून मोजायचा.

आजूबाजूच्या डोंगरांवर, आजच्या काठाच्या कितीतरी वर, पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा आहेत. ते जुने किनारे. तळं कधीकाळी खूप मोठं होतं. या पाणथळ प्रदेशाला २०२० मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. काठाचा पांढरा कोरडा दिसणारा थर फसवा आहे: वर मिठाचा पापुद्रा, खाली चिखल. गाडी रस्त्यावरच ठेवावी, पायी जाताना काठीने आधी जागा दाबून पाहावी, आणि काळ्या मानेच्या करकोच्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे काठापासून लांब राहावं.

दिवस नववा: पुगा, चुमाथांग

पोलोकोंग्का ला ओलांडून पुगाच्या दरीत. जमिनीतून वाफ, पांढरा टाकणखार (बोरॅक्स), पिवळं गंधक. ४,४०० मीटरवर पाणी साधारण ८५ अंशांलाच उकळतं, त्यामुळे "फक्त ८५ अंश" हे इथे उकळतं पाणीच आहे. कातडी तितकीच भाजते, आणि काठाचा पापुद्रा पोकळ असतो. हे पाणी मुळात बर्फाचंच: भेगांतून खोल उतरलेलं आणि तापून वर आलेलं. झिंग पाण्याला काही तास धरतो, बर्फाच्या पायऱ्या काही महिने. या खोल भेगांतला मुक्काम माणसाच्या आयुष्याहून मोठा असतो. भूऔष्णिक विजेसाठी इथे प्रायोगिक विंधनाचा करार २०२१ मध्ये झाला. अशा विंधनात वर आलेलं खनिजयुक्त पाणी ओढ्यात सोडलं तर खालच्या कुरणांना टाकणखार सोसणार नाही. टाकणखारातलं बोरॉन पिकांना अगदी थोड्या प्रमाणातही बाधतं. ते परत जमिनीत घालणारी दुसरी विहीर योजनेत पहिल्या दिवसापासून हवी.

सुमदोवरून सिंधूकाठी उतरलं की चुमाथांगला नदीच्या काठालाच गरम झरे आहेत. इथे सिंधूचा नमुना घ्यायचा असेल तर झऱ्यांच्या वरच्या अंगाला, काठापासून शक्य तितका आत घ्यावा. खाली, झऱ्यांच्याच काठाला घेतलेल्या नमुन्यात वाहकता आणि तापमान दोन्ही फुगलेले येतात, कारण गरम पाणी बऱ्याच अंतरापर्यंत काठ धरून वाहतं आणि मधल्या धारेत मिसळत नाही. पुलावरून दोरीने सोडलेली बाटली सर्वांत खात्रीची. ती तीनदा नदीच्याच पाण्याने विसळायची, काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि बाटलीवर जागा व वेळ तिथेच लिहायची.